मशीनला कळलं नाही, म्हणजे पेशंटलाही कळणार नाही का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई सत्तावीस वर्षांच्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावच्या. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.एस्सी. नर्सिंग आणि आता एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स. जर्मनीत नोकरी करायची म्हणून नाइट ड्यूटी सांभाळत त्या जर्मन शिकल्या. ग्योथे इन्स्टिट्यूटच्या बी२ (मध्यम-वरच्या पातळीच्या जर्मनच्या) परीक्षेत वाचन, श्रवण आणि लेखन निघालं, बोलण्याचा भाग राहिला. तयारी अशी केली होती: एआयकडून वेगवेगळ्या विषयांवर चार-चार मिनिटांची भाषणं लिहून घेतली, पाठ केली आणि रोज रात्री फोनपुढे म्हणून दाखवली. बोललेलं लिहून देणारं ॲप भलतंच काहीतरी छापायचं आणि उच्चाराला शंभरपैकी पन्नास-पंचावन्न गुण द्यायचं. परीक्षेत भाषण बरं झालं, पण जोडीदाराने प्रश्न विचारला आणि ताई गप्प झाल्या. आता मावसभाऊ म्हणतो, 'ॲपचं पैसे भरायचं व्हर्जन घे आणि रोज दोन तास त्याच्याशीच बोल.' क्लासच्या मॅडम म्हणतात, 'ते एआय आधी बंद कर.' नवऱ्याचं म्हणणं, 'रात्रभर भिंतीशी बोलत बसतेस.' मॅडमचा संभाषणाचा वेगळा वर्ग आहे, पण त्याची फी जड जाते. ताई विचारतात: मशीनलाही माझं बोलणं कळत नाही, तर जर्मन पेशंटला काय कळणार? मराठी वळणाची जीभ या वयात बदलेल का? आणि पैसे घालायचे तर कशावर?

ताई,

आधी एक हिशेब नीट मांडू. पत्रात तुम्ही तीनदा 'नापास' हा शब्द लिहिलाय. ही परीक्षा चार सुट्या भागांची असते. प्रत्येक भागात शंभरपैकी साठ गुण लागतात आणि जो भाग राहिला तेवढाच पुन्हा देता येतो. म्हणजे अख्खी जर्मन भाषा पुन्हा डोक्यावर घ्यायची नाहीये. समोर बसलेल्या माणसाशी पंधरा मिनिटं बोलायचं, एवढं काम उरलंय. ते सोपं आहे असं मी म्हणत नाही. पण 'मला भाषाच येत नाही' या मापाने त्याची तयारी करायला गेलात तर पुन्हा पाठांतराकडेच वळाल.

आता मशीन. 'त्यालाही कळत नाही' या एका वाक्यावर तुमची सगळी निराशा उभी आहे, म्हणून ते मशीन नक्की काय करतं ते आधी बघू.

बोललेलं लिहून देणारी आजची प्रणाली एकेक अक्षर कानाने टिपून कागदावर ठेवत नाही. ओपनएआय कंपनीचं व्हिस्पर हे असंच एक मशीन सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, तेव्हा ते सुमारे ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर घडवलेलं होतं. आज कितीतरी ॲपच्या पोटात ते किंवा त्याच्या जातीचं काहीतरी असतं. आवाज आणि आधी आलेले शब्द यांवरून 'इथे कोणता शब्द असण्याची शक्यता जास्त' याचा ते अंदाज बांधतं. हा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. कधी तुम्ही बरोबर बोललेलं ते चुकीचं लिहितं आणि कधी तुम्ही चुकीचं बोललेलं ते बरोबर लिहितं. पहिली चूक टोचते, म्हणून ती तुम्हाला दिसली. दुसरी दिसलीच नाही, आणि माझ्या मते तुमचं खरं नुकसान त्या दुसरीनेच केलं.

पहिली आधी बघू. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाचही कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका आल्या, कृष्णवर्णीय लोकांच्या बोलण्यात ३५. ही सगळी जन्मापासून इंग्रजीच बोलणारी माणसं होती. त्यांची भाषा कच्ची नव्हती. त्यांच्या धाटणीचं बोलणं मशीनने शिकताना कमी ऐकलं होतं, एवढंच. तर सांगली-कोल्हापूरकडच्या वळणाची जर्मन त्याच्या कानावरून कितीदा गेली असेल याचा विचार तुम्हीच करा.

वॉर्डात बीपीचं मशीन अचानक २२०/११० दाखवायला लागलं तर तुम्ही लगेच डॉक्टरांना हाक मारत नाही, आधी कफ नीट बांधलाय का ते बघता. इथेही तेच करा. डॉइच वेले ही जर्मन प्रसारणसंस्था सावकाश वाचलेल्या बातम्या फुकट देते, सोबत छापील मजकूरही असतो. एक मिनिटाचा तुकडा दुसऱ्या फोनवर लावा आणि तुमच्या ॲपला ऐकवा. निवेदक जर्मनच आहे, त्याच्या बोलण्यात ॲप किती चुका करतं ते मजकुराशी ताडून बघा. मग तोच मजकूर त्याच खोलीत, त्याच अंतरावरून स्वतः वाचा. दोन्हींतला फरक तुमचा. बाकी सगळं त्या फोनचं, पंख्याचं आणि शेजारच्या टीव्हीचं. आणि भाषेचं सेटिंग आधी तपासा. ते 'आपोआप ओळख' यावर असेल तर ॲप अधूनमधून तुमची जर्मन इंग्रजी समजून लिहितं. 'भलतंच छापतं' या तुमच्या तक्रारीतला बराच भाग इथेच मिटेल असा माझा अंदाज आहे.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. जर्मनमध्ये शब्दांची शेपटं महत्त्वाची असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. 'डेम' की 'डेन', 'आइने' की 'आइनेन', यावर अख्खी विभक्ती अवलंबून असते. बोलताना आपण ती शेपटं गिळतो. मशीनला पुसटसा आवाज ऐकू येतो, आणि व्याकरणात बसणारं रूप जास्त संभवतं म्हणून ते तेच छापतं. 'पेशंटबरोबर' म्हणताना तुम्ही चुकून 'मिट डेन पात्सिएंट' म्हणालात तरी पडद्यावर 'मिट डेम पात्सिएंटेन' असं स्वच्छ वाक्य उमटू शकतं. तुमचे 'अं' गळतात, अर्धवट सोडलेली वाक्यं गळतात, अडखळून दोनदा म्हटलेला शब्द एकदाच येतो. समोरच्या परीक्षकाला मात्र हे सगळं ऐकू येत असतं. त्यातही लांब थांबलात तर काही प्रणाली त्या शांततेत स्वतःच्या मनाची वाक्यं घालतात. २०२४ मध्ये व्हिस्परचा अभ्यास झाला, त्यात सुमारे एक टक्का तुकड्यांत कुणीच न उच्चारलेले शब्दसमूह सापडले. पक्षाघातानंतर ज्यांची वाचा अडते अशा रुग्णांच्या ध्वनिफितींत हे प्रमाण जास्त होतं, बहुधा ती माणसं बोलताना जास्त वेळ थांबतात म्हणून. परक्या भाषेत शब्द शोधणारा माणूसही थांबतोच.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा फिरवून विचारते. मशीनला तुमचं कळलं नाही याचं तुम्हाला इतकं वाईट वाटलं, पण ज्या रात्री त्याला सगळं कळलं, त्या रात्री ते खरं होतं का?

उच्चाराचे गुण तर मी सरळ बाजूला ठेवीन. ॲपचा तो आकडा तुमचं बोलणं त्याच्याकडच्या नमुन्यांशी किती जुळतं हे सांगतो. ऐकणाऱ्या माणसाला अर्थ लागला का, हा वेगळा प्रश्न आहे. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातल्या अभ्यासकांनी १९९५ मध्ये हे दाखवलं होतं. चिनी मातृभाषा असलेल्यांचं इंग्रजी त्यांनी श्रोत्यांना ऐकवलं, ऐकलेलं लिहून काढायला सांगितलं आणि वळण किती परकं वाटतं यालाही गुण द्यायला लावले. कितीतरी वाक्यांना 'फार परकं वळण' असा शेरा मिळाला आणि तीच वाक्यं श्रोत्यांनी शब्दन् शब्द बरोबर लिहिली होती. वळण परकं असणं आणि बोलणं न समजणं या दोन गोष्टी आपण एकच धरतो. जर्मन हॉस्पिटलांत सिरियन डॉक्टर, फिलिपिनो नर्स, तुर्की वॉर्डबॉय असे सगळे आपापल्या वळणाची जर्मन बोलतात आणि पेशंट बरे होऊन घरी जातात.

तुमच्या 'मराठी जिभे'बद्दल मात्र मला थोडं भांडायचंय. जर्मन शिकायला ही जीभ वाईट नाही. 'चाक', 'चूल', 'चोर' यांतला च आपल्याला जन्मापासून येतो. जर्मनमध्ये 'वेळ'साठी जो शब्द आहे, 'च़ाइट', त्याची सुरुवात त्याच आवाजाने होते. हिंदीभाषक शिकणाऱ्यांना त्यासाठी मेहनत घ्यावी लागते. तीन लिंगं आपल्यालाही आहेत. नपुंसकलिंग म्हणजे काय हे तुम्हाला कुणी समजावलं नसेल. 'कारण'ने सुरू होणाऱ्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं, हे जर्मनसारखंच मराठीतही होतं. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की आधी इंग्रजीत वाक्य जुळवता आणि मग जर्मन करता. हा वळसा कशाला? इंग्रजी तुमची तिसरी भाषा, त्यात वाक्य जुळवतानाच तुम्ही अर्ध्या दमता. 'कारण पेशंटला रात्री झोप लागली नाही' हे मराठीतून थेट जर्मनमध्ये नेऊन बघा. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी आणावं लागेल, तेवढी काळजी घ्या.

उच्चारात जिथे खरंच अर्थ बदलतो अशा थोड्या जागा आहेत, त्यांच्यावर मेहनत करा. 'ड्रुकन' म्हणजे छापणं आणि 'ड्र्यूकन' म्हणजे दाबणं. वॉर्डात बेल दाबायला सांगताना हा फरक लागतो. त्या दुसऱ्या स्वरासाठी ओठ 'ऊ'चे ठेवा आणि आतून 'ई' म्हणा. तसंच ओठ 'ओ'चे ठेवून आतून 'ए' म्हटलं की 'सुंदर' या अर्थाच्या शब्दातला स्वर येतो. तो नीट आला नाही तर 'श्योन'चं (सुंदर) 'शोन' (आधीच) होतं. ऱ्हस्व-दीर्घाकडेही लक्ष हवं, कारण आपण मराठीत बोलताना ते फारसं पाळत नाही. इथे मशीन खरोखर उपयोगी पडतं, पण शब्द सुटा म्हणायचा. वाक्यात म्हटलात तर ते आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखतं. सुटा म्हटलात की त्याला आवाजावरच जास्त भिस्त ठेवावी लागते. दहापैकी सात-आठ वेळा योग्य शब्द उमटला की तो शब्द सोडा आणि पुढे जा.

आता पाठांतर. मॅडम एआय बंद कर म्हणाल्या, ते या भाषणांमुळेच असणार, आणि इथे त्यांचं बरोबर आहे. आपण शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांत वाढलो. भाषण कुणीतरी लिहून द्यायचं, आपण हातवारे करून म्हणायचं, मधला शब्द विसरला की पुढचं सगळं गेलं. प्रश्न विचारायला तिथे कुणी नसायचं. बी२च्या तोंडी परीक्षेत तसं नाही. चार मिनिटांच्या मांडणीनंतर जोडीदार प्रश्न विचारतो, पुढे दोघांना मिळून एका मुद्द्यावर चर्चा करायची असते. तुम्ही ज्या क्षणी गप्प झालात, त्या क्षणाची तयारी तुमच्याकडून कधी झालीच नव्हती. एआयने लिहिलेली वाक्यं तुमच्या तोंडच्या वाक्यांपेक्षा दुप्पट लांब होती, त्यातला एक दुवा निसटला की मागचं आठवत बसण्याखेरीज हातात काही उरत नाही.

तरी पाठांतर सगळंच टाकू नका. भाषणं टाका, वाक्यं ठेवा. 'क्योन्टन झी दास बिटे वीडरहोलन?' म्हणजे कृपया पुन्हा सांगाल का. 'मला नीट कळलं असेल तर तुम्ही असं विचारताय की…', 'यावर क्षणभर विचार करते', 'तुमचा मुद्दा पटतो, पण…'. अशी आठ-दहा वाक्यं झोपेतून उठवलं तरी यायला हवीत. विचार करायला जे चार सेकंद लागतात ते ही वाक्यं मिळवून देतात.

मग फोनचं काय करायचं? तुम्ही रोज एक गोष्ट न अडखळता बोलता, ती म्हणजे शिफ्ट बदलताना ओव्हर देणं. कोणत्या बेडवर कोण, रात्रीत काय झालं, कोणतं औषध दिलं, कशावर लक्ष ठेवायचं. हेच जर्मनमध्ये द्या. जर्मनीतही दर शिफ्टला हे करावं लागणार आहे. पेशंट काल्पनिक घ्या. खऱ्या पेशंटचं नाव, आजार, बेड नंबर यांतलं काहीही कोणत्याही ॲपच्या कानावर घालायचं नाही, हा नियम आजपासूनच पाळा. कागद न घेता दोन मिनिटं बोला. आवाज रेकॉर्ड होऊ द्या आणि मजकूरही लिहिला जाऊ द्या.

यानंतर जे करायचं ते कंटाळवाणं आहे, पण सगळं पीक तिथेच आहे. मशीनने लिहिलेला मजकूर समोर ठेवून स्वतःचा आवाज ऐका आणि तो मजकूर पुन्हा बिघडवा. तुम्ही खरंच जे बोललात ते त्यात परत घाला: गिळलेलं शेपूट, तीनदा आलेलं 'उंड' (आणि), 'आल्झो' (म्हणजे) म्हणून थांबलेली जागा, मधेच सोडून दिलेलं वाक्य. जिथे मशीनने भलतं लिहिलंय पण तुम्ही बरोबर बोललाय, तिथे तुमचंच ठेवा. दोन मिनिटांच्या बोलण्याला पंधरा मिनिटं लागतील. ती लागू द्या. आपण काय बोलतो हे आपल्याला बोलताना ऐकू येत नाही, कारण तेव्हा सगळं लक्ष पुढच्या शब्दावर असतं. कागदावर आलं की मात्र लगेच दिसतं की आपण दर वाक्य 'देअर पात्सिएंट हाट' (पेशंटला आहे) यानेच सुरू करतोय, किंवा 'दुखणं' सोडून दुखण्याला दुसरा शब्दच आपल्याकडे नाही. यासाठी एआय लागत नाही, पेन पुरतं.

असा खरा झालेला मजकूर मग एआयला द्या, पण हुकूम नेमका द्या. मराठीत दिलात तरी चालतो. काहीसा असा: 'मी बी२ परीक्षा देणारी नर्स आहे. खाली मी जर्मनमध्ये बोललेलं जसंच्या तसं आहे. ते पुन्हा लिहू नकोस. ज्यांमुळे ऐकणाऱ्याचा गैरसमज होईल अशा जास्तीत जास्त तीन चुकांच्या जागा दाखव. उत्तर सांगू नकोस. मी दुरुस्त करून पाठवते, मग तपास.' 'पुन्हा लिहू नकोस' हे विसरलात तर ते लगेच चकचकीत परिच्छेद हातात ठेवेल, तुम्ही तो पाठ कराल आणि गाडी पुन्हा जुन्या रुळावर जाईल. तीनच चुका का? सतरा दाखवल्या तर एकही सुटत नाही. आणि एआयचं व्याकरणही अधूनमधून ठामपणे चुकतं, तेव्हा ज्या दुरुस्तीबद्दल शंका वाटेल ती मॅडमसाठी वहीत लिहून ठेवा.

मग फोन उचला आणि तोच ओव्हर पुन्हा द्या. कागद उलटा घालून. ही दुसरी फेरी सोडली तर आधीचं सगळं लेखनाचा गृहपाठ ठरतो, आणि लेखनात तुम्ही पास आहात. कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये सुचवलेली एक पद्धत भाषाशिक्षक अजून वापरतात: एकच विषय आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन मिनिटांत, दर वेळी नव्या माणसाला सांगायचा. तिसऱ्या खेपेला अडखळणं कमी होतं, कारण काय सांगायचं ते ठरलेलं असतं आणि डोकं कसं सांगायचं याकडे वळतं. परीक्षेतली मांडणीही चार मिनिटांचीच आहे, तेव्हा हे माप तुमच्यासाठी आयतंच आहे. नाइट ड्यूटीच्या आठवड्यात यातलं काही जमणार नाही, ते सोडून द्या. सुट्टीच्या दिवशी आणि दिवसपाळीत जेवढं होईल तेवढं पुष्कळ.

बोलणाऱ्या एआयशी गप्पांचं म्हणाल, तर मावसभावाचा सल्ला अर्धा घ्या. त्याच्यापुढे लाज वाटत नाही, मध्यरात्रीही ते हजर असतं, एकच गोष्ट दहादा विचारली तरी चिडत नाही. खेड्यातून जर्मन शिकणारीला ही चैन कालपर्यंत नव्हती. पण ते फार समजूतदार असतं. तुमच्या मोडक्या वाक्यातून अर्थ काढून घेतं, 'छान!' म्हणतं आणि पुढे जातं. ऐंशी वर्षांच्या, कमी ऐकू येणाऱ्या, दुखण्याने वैतागलेल्या आजी तसं करणार नाहीत. म्हणून त्याला त्या आजी व्हायला सांगा. मधेच तोडायला सांगा, वाक्य अर्धवट किंवा चुकीचं असेल तर 'काय म्हणालीस?' म्हणायला सांगा, विषय बदलायला सांगा. जोडीदार म्हणून तुमच्या प्रत्येक मुद्द्याला विरोध करायला सांगा. तरीही त्याची जर्मन पुस्तकी असेल. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये गावाकडची म्हातारी माणसं जी बोली बोलतात, ती ऐकून बर्लिनचा माणूसही कान टवकारतो. त्याची चिंता आज नको.

इथून पुढे माणूसच लागतो, आणि तो मिळवायला दर वेळी फी पडत नाही. तुमच्या बॅचमध्ये बोलण्याचाच भाग राहिलेलं आणखी कुणीतरी नक्की असेल. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं फोनवर, फक्त जर्मन. एकीने मांडायचं, दुसरीने तीन प्रश्न विचारायचेच. दोघींची जर्मन कच्ची असली तरी चालते, परीक्षेतही जोडीदार तुमच्यासारखाच उमेदवार असतो. दोघींची संमती असेल तर हाही संवाद रेकॉर्ड करून, मजकूर काढून बघा. कोण किती बोललं, प्रश्नाला उत्तर दिलं की आपलंच दामटलं, हे त्यात स्वच्छ दिसतं.

परवानगीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते, कारण पुढे जर्मनीत गेलेल्यांनाही लागेल. तिथल्या दंडसंहितेच्या कलम २०१ नुसार कुणाचं खासगी बोलणं त्याच्या परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. 'नंतर ऐकून शिकेन' म्हणून वॉर्डात खिशातला फोन चालू ठेवायचा मोह होईल, तो आवरा. ड्यूटी संपल्यावर खोलीत बसून आठवेल तेवढा संवाद नावं बदलून स्वतःच बोलायचा आणि तो रेकॉर्ड करायचा.

पैशांचं माझं मत स्पष्ट आहे. पैसे भरायच्या व्हर्जनची घाई नको. वर सांगितलेलं बहुतेक काम फोनमधल्या फुकट सोयींवर आणि वहीवर होतं. मॅडमचा पूर्ण वर्ग झेपत नसेल तर तो घेऊ नका. त्याऐवजी त्यांना विचारा की महिन्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, तुम्हा दोघी जोडीदारणींना मिळून, त्या देतील का. फी निम्मी-निम्मी वाटून घ्या. बहुतेक शिक्षक याला नाही म्हणत नाहीत. त्या अर्ध्या तासात भाषण म्हणून दाखवू नका. आठवड्यातलं एक दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग, तुम्ही बिघडवून खरा केलेला मजकूर आणि वहीतल्या शंका घेऊन जा. म्हणजे वर्गात वेळ चुका शोधण्यात जाणार नाही, आणि तुम्ही एआयचं काय करता हेही त्यांना कळेल. तरीही त्यांनी 'बंद कर' म्हटलं, तर कोणता भाग बंद करू, असं विचारा.

परीक्षेची तारीख एवढ्यात घेऊ नका. जोडीदारणीने न सांगता विचारलेल्या तीन प्रश्नांना, चुकत का होईना, उत्तरं देऊन बोलणं पुढे नेता आलं, आणि असं लागोपाठ चार-पाच फोनवर झालं, की मग फॉर्म भरा. ॲप त्या दिवशी कितीही गुण देवो.

आणि नवऱ्याला एक काम द्या. जर्मन येत नसलं तरी चालेल. तुम्ही बोलत असताना त्यांनी मधेमधे फक्त 'वारुम?' म्हणायचं, म्हणजे 'का?'. तुम्ही जर्मनमध्ये कारण सांगायचं, क्रियापद शेवटी. ते कंटाळेपर्यंत.